लाल चौकटीतला इशारा

१

काराई सेल्सो दुआर्ते त्या सकाळी उठलेच नाहीत. उभी हयात लुके गावाच्या रस्त्यांवर बस हाकलेला माणूस, अख्खं गाव त्यांना मानाने 'काराई' म्हणायचं. मुलगी पेर्ला सकाळचा माते, कडू पाल्याचं गरम पेय, घेऊन खोलीत गेली, तोवर अंग गार पडलं होतं. उशाशी हृदयाच्या गोळ्या होत्या आणि गोळ्यांना खेटून वजन उतरवणाऱ्या थेंबांची अर्धी रिकामी बाटली. डॉक्टर आले, त्यांनी आधी बाटली बघितली, मग गोळ्या बघितल्या आणि खुर्चीत बसून राहिले. या दोन्ही गोष्टी एका पोटात गेल्या की हृदय बंद पडतं, एवढंच ते म्हणाले.

बाटली त्यांनी 'विदा लिविआना' या वेबसाईटवर वाचून मागवली होती. साईटचा धंदा साधा. औषधं, थेंब, यंत्रं यांच्याबद्दल गोड गोड लिहायचं, खाली दुकानाचा दुवा द्यायचा, आणि वाचकाने त्या दुव्यावरून खरेदी केली की दुकानाकडून कमिशन घ्यायचं. त्या थेंबांच्या पानावर लाल चौकटीत एक इशारा असायचा: या खरेदीवर आम्हाला कमिशन मिळतं, हा वैद्यकीय सल्ला नाही, हृदयाची औषधं चालू असतील तर हे थेंब घेऊ नका. मात्र काराईंनी रविवारी बाटली मागवली तेव्हा तो इशारा पानावर नव्हता. शनिवारी दुपारी कुणीतरी तो काढला होता आणि सोमवारी सकाळी तो परत लागला होता.

इशारा लिहिला होता निमिया ब्रितेस या वकीलबाईंनी. त्यामुळे साईटचा मालक देर्लिस ओकाम्पोसने त्यांनाच बोलावून घेतलं.

"वकीलबाई, एक नवीन निवेदन टाकायचंय साईटवर," देर्लिस घाम पुसत म्हणाला. जानेवारीचं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि पंखा नुसता आवाज करत होता. "कंपनी कशालाही जबाबदार नाही. एका कर्मचारी मुलीने नियम मोडून इशारा काढला, कंपनीला तीव्र दुःख आहे वगैरे. तुम्ही लिहिता तसं भारदस्त."

"कोण मुलगी?"

"नोएलिया. तिच्या कॉम्प्युटरवरून निघालाय इशारा, नोंद आहे तशी. उद्या सरकारी वकील तिच्यावर गुन्हा दाखल करणार. आणि गंमत बघा, मेलेला माणूस तिचाच पाद्रिनो, धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने हिला हातात धरलं होतं, आणि हिने त्याची काय परतफेड केली!"

निमियाबाईंना या माणसाची मुळातच चीड होती. इशारा बारीक अक्षरात टाका म्हणून याने त्यांचं डोकं खाल्लं होतं, आणि मोठ्या अक्षरात, लाल चौकटीतच टाकणार म्हणून त्या अडून बसल्या होत्या. आता त्यांना त्याहून वाईट वाटत होतं. आपण लिहिलेली दोन वाक्यं जागेवर असती तर एक म्हातारा आज जिवंत असता, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

"इशारा कोणी काढला हे कळल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, कळलंय की!"

"तुला कळलंय. मला अजून नाही."

२

नोएलिया ऑफिसच्या मागच्या पायरीवर बसली होती. रडून डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा.

"शनिवारी दुपारी तू कुठे होतीस?"

"मागच्या अंगणात. आंब्याखाली. तेरेरे चाललं होतं." तेरेरे म्हणजे बर्फाच्या पाण्यातला माते; एकजण ओततो आणि एकच पेला सगळ्यांत फिरतो.

"मधे उठून आत गेलीस?"

"नाही."

"मग तुझ्या कॉम्प्युटरपाशी कोण गेलं?"

नोएलियाने मान फिरवली. "माझ्याबद्दल काय हवं ते विचारा, वकीलबाई. दुसऱ्याबद्दल मी बोलणार नाही."

"अगं बाई, उद्या तुला तुरुंगात टाकतील! तुझ्या मायने तुला वाढवली ती याच्यासाठी?"

"टाकू देत." ती पुटपुटली, "पेर्लाने मला दारातून हाकललं. पाद्रिनो गेल्यावरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला मला आत घेत नाहीत. रोज संध्याकाळी जाते आणि फाटकाबाहेर उभी राहून म्हणते माझी माळ. तुरुंगात याहून वाईट काय असणार?"

निमियाबाईंनी अनेक खोटी माणसं बघितली होती. आपण निर्दोष आहोत हे ती शंभरदा सांगतात. ही पोरगी एकदा सांगून गप्प बसली. तिला काहीतरी माहीत होतं आणि ते ती दातांखाली धरून बसली होती.

साईटवर चारच माणसं कामाला होती. मालक देर्लिस, कॉम्प्युटर सांभाळणारा सिरिलो, बातम्या आणि पानं लावणारी नोएलिया, आणि परीक्षणं लिहिणारा अनिबाल. हा अनिबाल पेर्लाचा नवरा, म्हणजे काराईंचा जावई. दंडाला काळी फीत बांधून तो सासऱ्याच्या शोकात बुडाला होता, त्यामुळे सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलत. शिवाय सोमवारी सकाळी इशारा गायब झालेला लक्षात येताच तो परत लावणारा अनिबालच होता. उशीर झाला खरा, पण त्याने निदान बघितलं तरी, असं म्हणून लोक त्याची पाठ थोपटत होते.

निमियाबाईंनी देर्लिसलाच पहिल्यांदा पकडलं.

"शनिवारी अंगणात कोण कोण होतं?"

"जेवायला सगळेच होते की! जेवलो, मग तेरेरेला बसलो. मी मात्र लवकर उठलो. दुकानवाल्यांचा फोन आला, शनिवार-रविवारच्या दुप्पट कमिशनचं सकाळी सगळ्यांसमोर ठरलं होतं, त्याच्यावरून भांडण झालं त्यांच्याशी. फाटकापाशी उभा राहून बोंबलत होतो. चिपा, चीजचे पाव, विकणारी सेफेरिनाबाई तिथेच टोपली घेऊन बसली होती, विचारा तिला, तिचे कान किटले असतील."

"आणि त्या आधी, अंगणात?"

"अंगणात काय, पुचाट तेरेरे! पोरीने बर्फ ओतला नुसता, पाल्याची चव दुसऱ्या पेल्यालाच उतरली. सिरिलो ओततो ते तेरेरे म्हणावं."

"दुप्पट कमिशन म्हणजे अनिबालच्या पानावर जास्त विक्री, नाही का?"

"सगळ्यांचाच वाटा असतो हो. पण पानं लावणारी नोएलिया." देर्लिस डोळे बारीक करून म्हणाला, "दुप्पट कमिशनच्या दिवशी तिलाही मोह पडलाच असेल."

बाहेर सेफेरिनाबाईने टोपलीवरचा कपडा सारखा करत सांगितलं, "ओरडत होता हो, मेला. सगळा वेळ. तेरेरे संपलं तरी ओरडतच होता. माझा एक चिपा फुकटात खाल्ला आणि वर मलाच दुप्पट म्हणजे किती ते विचारलं."

म्हणजे देर्लिस फाटकावरून हलला नव्हता. आणि हलला असता तरी मालकाने चोरून कशाला काढायचं? त्याने सरळ हुकूम सोडून तो काढायला लावला असता आणि वर पगार कापला असता.

३

सिरिलो टेबलाखाली वायरींमध्ये घुसला होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी होती.

"चोरी करायची असती तर मी नोएलियाच्या कॉम्प्युटरवर कशाला बसलो असतो?" तो हसला, पण हसणं काही जमलं नाही. "माझ्याकडे सगळ्या किल्ल्या आहेत, वकीलबाई. घरी बसून काढला असता आणि नोंदसुद्धा पुसली असती. ज्याला तेवढं जमत नाही, त्यालाच दुसऱ्याची खुर्ची लागते."

"शनिवारी काय झालं ते सांग."

"मला काय माहीत! मी झोपलेलो. हॅमॉकमध्ये आडवा पडलो, दुखण्याची गोळी घेतली होती, लगेच डोळा लागला."

"दुखण्याची?"

"हाच की हात." त्याने पट्टी उचलून दाखवली. "जेवणाच्या शेवटी मांदिओकाच्या कंदांचं पातेलं उतरवताना उकळतं पाणी सांडलं."

निमियाबाईंच्या हातातली सिगारेट विझली होती, त्यांना कळलंही नाही.

"शनिवारी? तेरेरेच्या आधी?"

"मग काय! म्हणून तर त्या दिवशी मी ओतलं नाही. नाहीतर या ऑफिसात माझ्याशिवाय ग्वाम्पाच्या पेल्याला हात लावायची कुणाची छाती आहे? नोएलियाने ओतलं. डोळा लागायच्या आधी बघितलं मी, थर्मास माझ्या हॅमॉकपाशीच ठेवला होता तिने, मला सावलीत गार पाणी घेता यावं म्हणून."

"अनिबाल होता ना तिथे?"

सिरिलोने खांदे उडवले. "जेवणाच्या मधेच बर्फ आणायला गेला होता. मग मी झोपलो. जागा झालो तेव्हा होता. आंब्याला टेकून उभा."

"आणि बर्फ?"

"तो गेला तेव्हा घरात होताच थोडा. बर्फाचं काय एवढं, वकीलबाई?"

 पंख्याच्या आवाजात निमियाबाईंना एकच गोष्ट खटकत होती. देर्लिस फाटकावर, सिरिलो झोपेत. म्हणजे अंगणात खरं काय घडलं हे सांगायला दोनच माणसं उरत होती, आणि त्यातलं एक माणूस तोंड उघडायला तयार नव्हतं.

दुसरं मात्र बोलायला फार उत्सुक होतं.

४

अनिबाल समोर येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा खरोखरच ओढलेला होता. तो मुळात वाईट माणूस नव्हता आणि निमियाबाईंना ते दिसत होतं. त्यामुळेच त्यांना पुढचं जड गेलं.

"मला माझ्या तोंडाने नोएलियाविरुद्ध बोलायचं नाही," तो म्हणाला. "पेर्ला आणि ती बहिणींसारख्या वाढल्या. पण सासऱ्यांचा जीव गेलाय. खरं सांगायलाच हवं."

"सांग."

"मी बर्फ आणायला गेलो, लगेच परत आलो. मग शेवटपर्यंत तेरेरेला होतो. नोएलियाने दोन पेले घेतले, पेला परत केला, 'ग्रासियास' म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ आली नाही."

आमच्याकडे आभार मानले की तुमचं पिणं झालं, पुढच्या फेरीत ओतणारा तुम्हाला वगळतो. निमियाबाईंनी नुसती मान डोलावली.

"आणि तू?"

"मी पीत बसलो. सिरिलो ओतत होता, गप्पा चालल्या होत्या. देर्लिस फोनवर ओरडत होता." तो खिन्न हसला. "सिरिलोचं तेरेरे म्हणजे काय विचारता! आता बिचारा महिनाभर ओतू शकणार नाही. रविवारी निखाऱ्यांशी खेळायला जातो, दर वेळी भाजून घेतो. रविवारच्या मांसाचं वेड हो त्याला."

निमियाबाईंनी विझलेली सिगारेट राखदाणीत ठेवली. रविवारी अख्खा देश मांस भाजतो, त्यामुळे सोमवारी कुणाच्या हाताला पट्टी दिसली की आम्ही कारण विचारत नाही. अनिबालनेही विचारलं नव्हतं.

"संध्याकाळी शेवटची, नवव्या दिवसाची प्रार्थना आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्ही याल?"

"येईन," त्या म्हणाल्या. "आणि नोएलियालाही घेऊन येईन."

५

पेर्लाच्या घरी अजून शेजारी जमायचे होते. ती स्वयंपाकघरात चिपाचं पीठ मळत होती, सातव्या महिन्याचं पोट ओट्याला टेकलं होतं. खुर्च्या मांडून अनिबाल मघाशीच आत आला होता. निमियाबाईंच्या मागे नोएलियाला बघून पेर्ला ताठ झाली.

"हिला बाहेर काढा."

"काढते. आधी दोन मिनिटं ऐक, मग मी स्वतः तिला बाहेर काढते," निमियाबाई म्हणाल्या. "अनिबाल, शनिवारी तेरेरे कोण ओतत होतं?"

"सांगितलं ना तुम्हाला. सिरिलो."

"सिरिलोचा हात शनिवारी जेवताना भाजला, तू बर्फाला गेल्यावर. तो गोळी घेऊन हॅमॉकमध्ये झोपला. ओतत होती ही." त्यांनी नोएलियाकडे बोट दाखवलं. "देर्लिस सांगतो, सिरिलो सांगतो, आणि तू त्या फेरीत बसला असतास तर तुलाही माहीत असतं. पेला तिच्याच हातात असताना तिने तो कोणाला परत केला? आणि ओतणारी उठली तर फेरी थांबते रे, लहान पोराला कळतं."



"तू बर्फाचा बहाणा करून पुढच्या दाराने ऑफिसात शिरलास. तेरेरे संपल्यावर अंगणात आलास. थर्मास सिरिलोच्या हॅमॉकपाशी दिसला, म्हणून तुला वाटलं नेहमीसारखं त्यानेच ओतलं. सोमवारी त्याच्या हाताची पट्टी दिसली, तर तुला वाटलं रविवारचं भाजणं. स्वतःच्या कॉम्प्युटरवरून इशारा काढला असता तर तुझं नाव लागलं असतं, म्हणून हिच्या खुर्चीत बसलास. आणि सोमवारी तो परत लावून शाबासकी मिळवलीस."

पेर्लाचे हात पिठातच थांबले होते. "अनिबाल?"

"दोनच दिवसांचा प्रश्न होता, पेर्ला." "दुप्पट कमिशन होतं. ती लाल चौकट दिसली की लोक घाबरून पळतात, कोणी खरेदी करत नाही. मूल येणार आहे आपल्याला, म्हटलं पाळणा, डॉक्टर... सोमवारी लगेच लावणारच होतो. लावलासुद्धा!"

"आणि नोएलियाचं नाव?"

"मला वाटलं नोंद कोण बघणार! मग ते झालं, आणि सगळेच तिच्यावर..." तो थांबला. "मी घाबरलो."

पेर्लाने नोएलियाकडे बघितलं. "तू सगळा वेळ ओतत होतीस?"

नोएलियाने दाराची चौकट धरून मान डोलावली.

"म्हणजे हा फेरीत नव्हता हे तुला माहीत होतं."

"ओतणाऱ्याला कळतंच की कोण नाही ते," नोएलिया हळूच म्हणाली. "पेर्ला, तुझे बाबा गेले. तुझ्या पोटात बाळ आहे. त्यात नवराही... मला कुणी नाही वाट बघणारं. म्हटलं, मी जाते."

"मी तुला फाटकाबाहेर उभी केली. सगळ्या गावासमोर. आणि तू ते सोसत राहिलीस?" पेर्लाचा आवाज चढला. "माझ्या बापाला मारणारा माझ्या शेजारी बसून माळ ओढत होता, आणि तू मला ते कळू दिलं नाहीस! ही माया म्हणायची का गं?"

नोएलियाला रडू फुटलं. कुणी तिला जवळ घेतलं नाही.

अनिबाल गुडघ्यांवर बसला होता. त्याने पेर्लाच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला, ती मागे सरकली.

"पेर्ला, देवाशपथ, मला काय माहीत बाबा मागवतील म्हणून! त्यांना नातवाला उचलायला दम लागू नये म्हणून वजन उतरवायचं होतं, मला बोलले असते तर मी थांबवलं नसतं का? मला माहीत असतं, ते बाबा आहेत हे माहीत असतं, तर मी कधीच..."

"म्हणजे दुसऱ्या कुणाचे बाबा असते तर चाललं असतं?"

हे ती ओरडून बोलली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं आणि ती वाट बघत राहिली. बाहेर फाटक वाजलं, शेजारणी आल्या, कुणीतरी खुर्ची ओढली.

"ज्यांनी ज्यांनी त्या दोन दिवसांत मागवले, त्यांना कोणी सांगितलंय?" पेर्लाने निमियाबाईंना विचारलं.

 गुन्हा कोणाचा हे शोधण्यात निमियाबाई इतक्या गुंतल्या होत्या, की हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग उद्यापर्यंत कशाला थांबायचं? यानेच सांगावं." पेर्लाने पिठाचे हात एप्रनला पुसले आणि नवऱ्याचा फोन ओट्यावरून उचलून त्याच्या हातात दिला. "दुकानवाल्याला उठव, देर्लिसला उठव, नावं काढ. एकेका घरी फोन कर. घरात कुणी हृदयाच्या गोळ्या घेतं का विचार. का विचारतोयस तेही सांग. सगळ्यांना सांगून झालं की वकीलबाईंबरोबर सरकारी वकिलाकडे जा."

अनिबाल उठला. ओट्यापाशी उभा राहून त्याने फोन लावला. दुकानातल्या माणसाला तो काय सांगत होता ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

बाहेर शेजारणींनी मेणबत्त्या लावल्या. पेर्ला बाहेर निघाली तेव्हा दारात नोएलिया बाजूला झाली. पेर्ला तिच्यापाशी थांबली, तिच्याकडे न बघता म्हणाली, "आत ये. बाबांना तुझा आवाज आवडायचा."

प्रार्थना सुरू झाली. नोएलियाने पहिली ओळ धरली, बाकीच्या बायकांनी मागून म्हणायला सुरुवात केली. निमियाबाई स्वयंपाकघरातच थांबल्या होत्या. अनिबालने दुकानातून मिळालेली नावं घेतली होती आणि तो आता पहिला नंबर फिरवत होता. पलीकडून एका बाईचा आवाज आला. अनिबालने स्वतःचं नाव सांगितलं, थेंबांची बाटली कोण घेतंय ते विचारलं.

बाई काहीतरी बोलल्या. अनिबालने फोन कानापासून दूर धरला आणि निमियाबाईंकडे बघितलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्याकडेही नऊ दिवसांची प्रार्थना चालू आहे," तो म्हणाला.